हेड स्टार्टचा पैसा सांभाळताना: बोर्डावरच्या आणि ऑफिसातल्या हिशेबनीसांसाठी

अमेरिकेत अकाउंटिंगमध्ये किंवा बँकेत काम करणाऱ्या मराठी माणसाला कधी ना कधी गावातल्या एखाद्या संस्थेकडून विचारणा होते, "आमच्या हेड स्टार्टच्या बोर्डावर येता का?" हेड स्टार्ट म्हणजे गरीब घरांतल्या लहान मुलांसाठी फेडरल सरकारच्या पैशावर चालणारा बालवाडीसारखा कार्यक्रम. आपला मान ठेवला म्हणून आपण हो म्हणतो. बोलावणाऱ्यांना मात्र माणूस हवाच असतो. हेड स्टार्टच्या कायद्यानुसार संस्थेच्या नियामक मंडळावर किमान एक जण अर्थव्यवहार किंवा हिशेब जाणणारा, एक जण बालशिक्षणातला आणि एक जण परवाना असलेला वकील असावा लागतो. मग पहिल्या बैठकीत समोर कागदांचं बाड येतं. कंपन्यांचे ताळेबंद वाचण्यात हयात गेलेला माणूसही ते बघून चक्रावतो, कारण इथे नफ्यातोट्याची भाषाच नसते. ज्या कामासाठी, ज्या मुलांसाठी, ज्या मुदतीत खर्चायला पैसा दिला तिथेच तो लागला, हे दाखवणारा कागद आहे का, एवढंच विचारलं जातं.

बोर्डावरची ही मंडळी आणि संस्थेत रोजचा हिशेब सांभाळणारे, अशा दोघांसाठी हा लेख आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. ग्रँटचा हिशेब ऑफिसात क्वचित बिघडतो. तो बिघडतो वर्गात, स्वयंपाकघरात आणि पालकांच्या सहीच्या वहीत. ऑफिसात तो फक्त उघडकीला येतो. त्यामुळे पुढच्या पायऱ्यांत सॉफ्टवेअरपेक्षा शिक्षिका आणि स्वयंपाकीण जास्त वेळा भेटतील.

पैशाची वाट समजून घ्या

हेड स्टार्ट १९६५ साली लिंडन जॉन्सन यांच्या गरिबीविरोधी मोहिमेतून सुरू झालं. तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी हेड स्टार्ट, आणि गरोदर माता व तीन वर्षांखालच्या बाळांसाठी १९९४च्या दुरुस्तीतून आलेलं अर्ली हेड स्टार्ट. आपल्याकडच्या अंगणवाडीशी तुलना करायचा मोह होतो आणि काही अंशी ती जुळतेही: शिक्षण, पोषण आणि आरोग्य एका छताखाली. पैशाची वाट मात्र निराळी. अंगणवाडीचा पैसा राज्य शासनामार्फत खाली येतो. हेड स्टार्टमध्ये वॉशिंग्टनमधलं आरोग्य खातं राज्याला वळसा घालून थेट स्थानिक संस्थेला ग्रँट देतं. अशा संस्था देशभरात सुमारे १,६०० आहेत आणि २०२४च्या आर्थिक वर्षात या कार्यक्रमाला सुमारे १,२२७ कोटी डॉलर मंजूर झाले होते.

थेट ग्रँट म्हणजे थेट जबाबदारी. काही चुकलं तर मध्ये राज्याचं कोणी नाही. पैसा परत मागण्याचं पत्र तुमच्याच पत्त्यावर येतं.

अवॉर्डचं पत्र शेवटच्या पानापर्यंत वाचा

ग्रँट साधारणपणे पाच वर्षांची असते, पण पैसा बारा-बारा महिन्यांच्या बजेट वर्षांत मिळतो आणि दरवर्षी पुढच्या वर्षासाठी अर्ज करावा लागतो. प्रत्येक वेळी नोटिस ऑफ अवॉर्ड, म्हणजे ग्रँट मंजुरीचं पत्र येतं. बहुतेक जण पहिल्या पानावरची रक्कम पाहून ते फाइल करतात. खरा मजकूर मागच्या पानांवरच्या अटींत असतो: बजेट वर्ष कधी सुरू होतं आणि कधी संपतं, किती मुलांच्या जागांसाठी पैसा आहे, प्रशिक्षणासाठीची वेगळी रक्कम किती, तुमचा स्वतःचा वाटा किती धरलाय, कशासाठी आधी परवानगी लागेल.

या पत्राचा एका पानाचा सारांश करा आणि तो संचालक, फायनान्सचा माणूस, प्रत्येक केंद्राची प्रमुख आणि बोर्डाचे खजिनदार यांच्या हाती द्या. केंद्रप्रमुखांना हे कागद कशाला, असं काही ठिकाणी म्हणतात. खर्चाची मागणी त्याच करतात, म्हणून.

नियमांची पुस्तकं दोन. हेड स्टार्टचे स्वतःचे कामकाजाचे निकष आहेत. शिवाय सगळ्या फेडरल ग्रँटना लागू असणारा एकसमान नियमसंच आहे, ज्याला सगळे 'टू सीएफआर टू हंड्रेड' म्हणतात. आरोग्य खात्याची याच नियमांची स्वतःची आवृत्ती होती. ऑक्टोबर २०२५पासून खातं पूर्णपणे 'टू हंड्रेड'वर आलं. तुमच्या संस्थेचं धोरणपुस्तक अजून जुन्या कलमांचे हवाले देत असेल तर ते आधी सुधारून घ्या. ऑडिटर पहिल्यांदा तेच मागतो.

तीन आकडे पाठ करा

समजा, दीडशे मुलांसाठी फेडरल रक्कम २४ लाख डॉलर आहे.

पहिला आकडा स्वतःच्या वाट्याचा. कायद्यानुसार फेडरल सरकार एकूण मंजूर खर्चाच्या जास्तीत जास्त ८० टक्के देतं आणि उरलेले २० टक्के तुम्ही रोखीत किंवा वस्तू-सेवांच्या रूपात उभे करायचे. नवखा माणूस इथे हमखास घसरतो. तो २४ लाखांचे २० टक्के काढतो आणि ४ लाख ८० हजार लिहून मोकळा होतो. टक्केवारी एकूण खर्चावर आहे. २४ लाख म्हणजे ८० टक्के, तर एकूण ३० लाख आणि तुमचा वाटा ६ लाख. सोपी युक्ती अशी की फेडरल रकमेला चारने भागायचं.

दुसरा आकडा प्रशासकीय खर्चाच्या मर्यादेचा: एकूण मंजूर खर्चाच्या १५ टक्के, म्हणजे ३० लाखांवर साडेचार लाख. ही मर्यादा तुमचा वाटा धरून मोजतात. त्यामुळे कोणी फुकटात तुमचं अकाउंटिंग करून दिलं आणि तुम्ही ते वाट्यात धरलं, तर ते या मर्यादेतही मोजलं जातं. संचालकांसारख्यांचा पगार काही अंशी प्रशासकीय आणि काही अंशी कार्यक्रमाचा असतो. तो कसा वाटला, याचा लेखी आधार ठेवा. संस्थेचा अप्रत्यक्ष (म्हणजे सगळ्या कामांत मिळून होणाऱ्या सामाईक) खर्चाचा दर वाटाघाटीने ठरलेला नसेल तर ऑक्टोबर २०२४पासून १५ टक्क्यांपर्यंतचा सरधोपट दर घेता येतो. आधी तो १० होता. पण अप्रत्यक्ष खर्च बहुतेक प्रशासकीयच असतो, तेव्हा दर वाढला म्हणून ती मर्यादा वाढली असं समजू नका.

तिसरा आकडा ९७ टक्क्यांचा. पटावरची मुलं मंजूर जागांच्या ९७ टक्क्यांखाली गेली आणि सलग चार महिने तशीच राहिली, तर संस्था देखरेखीखाली येते आणि बारा महिन्यांचा सुधारणेचा आराखडा द्यावा लागतो. तरीही जमलं नाही तर ग्रँटच कापली जाऊ शकते. रिकामी झालेली जागा तीस दिवसांत भरायची असते. दीडशे जागांत पाच जागा त्याहून जास्त काळ रिकाम्या राहिल्या की तुम्ही ९७च्या खाली. म्हणून फायनान्सच्या माणसाने दर महिन्याला पटाचा अहवाल स्वतःहून मागावा. पट घसरला तर बजेटही घसरतं, फक्त थोडं उशिरा.

खात्यांची रचना पहिल्याच आठवड्यात करा

प्रत्येक व्यवहारावर किमान चार खुणा हव्यात: कुठली ग्रँट, हेड स्टार्ट की अर्ली हेड स्टार्ट, रोजचं काम की प्रशिक्षण, प्रशासकीय की कार्यक्रमाचा. पाचवी खूण केंद्राची. बिल नोंदवतानाच हे टाकलं तर दहा सेकंदांचं काम आहे. वर्षअखेरीला टाकायचं म्हटलं तर रात्री जागवाव्या लागतात, आणि तेव्हा टाकलेल्या खुणा बऱ्याचदा अंदाजाच्याच असतात. प्रशिक्षणाचा पैसा वेगळा मंजूर होतो. पगार कमी पडला म्हणून तिकडून उचलता येत नाही.

स्वतःचा वाटा: सहीच्या वहीपासून सुरुवात

आता लांबचं काम. आपल्या उदाहरणातले ६ लाख कुठून आणायचे? सगळ्यांच्या तोंडी पहिलं उत्तर येतं, "पालक येतात ना मदतीला!" जरा आकडेमोड करू. पालक वर्गात मदतनिसाचं काम करतात, तर त्यांच्या तासाची किंमत तुम्ही मदतनिसाला देता तेवढी धरता येते, भत्त्यांसह. समजा तासाला १६ डॉलर आणि वर २० टक्के भत्ते, म्हणजे १९ डॉलर २० सेंट. ६ लाखांसाठी ३१,२५० तास लागतील. दीडशे मुलांत विभागले तर दर मुलामागे वर्षाला २०८ तास. ज्या घरात आई वेअरहाउसमध्ये रात्रपाळी करते आणि वडील दोन ठिकाणी कामाला जातात, त्या घराकडून हे होणार नाही. पालकांचा वेळ मोलाचा आहेच, पण बजेटमध्ये सगळा वाटा त्यावर टाकणं म्हणजे स्वतःची फसवणूक.

भक्कम वाटा सहसा जागेतून येतो. चर्चने किंवा शाळेने फुकट दिलेल्या खोल्यांचं बाजारभावाचं भाडं वाट्यात धरता येतं, मात्र किंमत स्वतंत्र मूल्यांकनकाराकडून ठरवून घ्या. नगरपालिकेची देणगी चालते. राज्याच्या बालवाडी योजनेचा पैसाही त्याच मुलांच्या त्याच सेवेवर खर्च झाला असेल तर बहुतेक ठिकाणी चालतो. दुसऱ्या फेडरल योजनेचा पैसा मात्र कायद्यानं तशी मुभा दिली असल्याशिवाय चालत नाही. एकच योगदान दोन ग्रँटांसाठी दाखवणं तर मुळीच नाही.

किंमत कामाची ठरते, माणसाची नाही. दंतवैद्य बाईंनी मुलांचे दात तपासले तर त्यांचा व्यावसायिक दर लावा. त्याच बाईंनी शनिवारी येऊन भिंत रंगवली तर रंगाऱ्याचा दर. दुकानाने सगळ्याच गिऱ्हाइकांना दिलेली सूट योगदान नव्हे. आणि पालकाने आपलं मूल सोडायला यावं, बूट काढून द्यावेत, निरोप घ्यावा, हा स्वयंसेवेचा वेळ नव्हे.

आता ती वही उघडून पाहा. चांगल्या पानावर तारीख, आल्याची आणि गेल्याची वेळ, कुठल्या वर्गात काय केलं, पालकाची सही आणि शिक्षिकेची सही एवढं असतं. 'मंगळवार, ८:४० ते ११:१०, निळा वर्ग, फळं कापून दिली, गटात गोष्ट वाचली.' अशा नोंदीवर कोणी बोट ठेवत नाही. वाईट पान लांबूनच ओळखू येतं. वीस ओळी, सगळ्यांपुढे 'चार तास', सगळं एका पेनाने आणि एका हस्ताक्षरात, महिन्याच्या शेवटच्या दिवशी भरलेलं. ऑडिटर तिथे थांबतो. मग त्या महिन्यातली खरी मदतही वाया जाते.

शिक्षिकेने अभ्यासक्रमाला जोडून घरी करायला दिलेला उपक्रम पालकांनी केला तर तो वेळ धरणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत. धरायचा असेल तर उपक्रम काय, कुठल्या आठवड्याचा, त्यातून काय साधायचं होतं, हे त्याच कागदावर असू द्या. 'घरी वाचलं, दहा तास' एवढ्यावर भागत नाही.

वह्या महिन्याला गोळा करा, महिन्यालाच हिशेबात घ्या आणि बोर्डापुढे ठेवा. सहा महिने झाले आणि वाटा ३ लाखांऐवजी १ लाख ९० हजारांवर असेल तर वेळ हातात आहे. नवी जागा शोधा, देणगीदार शोधा, नाहीतर सवलतीचा अर्ज करा. परिसरात साधनंच नसणं, सुरुवातीच्या वर्षांतला खर्च, अचानक वाढलेला खर्च, मोठी आपत्ती, किंवा केंद्र बंद पडलं तर समाजाचं होणारं नुकसान, या कारणांसाठी कायद्यात सवलतीची तरतूद आहे. हा अर्ज करण्यात काही कमीपणा नाही. कागदोपत्री वाटा फुगवणं मात्र महागात पडतं.

पगार आणि वाटून घ्यायचा खर्च

हेड स्टार्टच्या बजेटचा मोठा भाग पगारात जातो, म्हणून ऑडिटही तिथेच रेंगाळतं. नियम असा की पगार प्रत्यक्ष केलेल्या कामाच्या नोंदीवर पडला पाहिजे, बजेटमधल्या अंदाजावर नाही. बजेटमध्ये ६०-४० लिहिलंय म्हणून बारा महिने टाइमशीटवर डोळे झाकून ६०-४० टाकत राहणं हा सगळीकडे आढळणारा दोष आहे. अंदाज सुरुवातीला धरायला हरकत नाही, पण ठरावीक काळाने प्रत्यक्षाशी ताडून दुरुस्त करायचा.

एका वर्गाचं उदाहरण घेऊ. चार वर्षांच्या मुलांच्या वर्गात जास्तीत जास्त वीस मुलं चालतात. त्यातली बारा हेड स्टार्टची, आठ राज्याच्या बालवाडी योजनेची. शिक्षिकेवर महिन्याला ५,००० डॉलर खर्च होतात. सकाळच्या सत्रात सगळी मुलं एकत्र असतात, तेव्हा मुलांच्या प्रमाणात ३,००० आणि २,०००. दुपारी तीननंतर थांबणाऱ्या मुलांचे पैसे राज्यामार्फत येणाऱ्या चाइल्ड केअर अनुदानातून येतात. त्या वेळी काम करणाऱ्या मदतनिसाचा तेवढा वेळ त्याच अनुदानावर जातो, हेड स्टार्टवर नाही. नोव्हेंबरमध्ये दोन मुलं एका योजनेतून दुसऱ्या योजनेत गेली, तर प्रमाण बदललं. दिवे, भाडं, साफसफाई, कॉपी मशीन यांनाही असाच आधार हवा: चौरस फूट, मुलांची संख्या, तास, जे त्या खर्चाला साजेसं असेल ते. आधार कुठला, हे आधी लिहून ठेवा आणि वर्षभर तोच पाळा. ज्या ग्रँटमध्ये पैसा शिल्लक आहे तिकडे खर्च ढकलायचा, हा 'आधार' होत नाही, आणि असं केलेलं खातेवहीत दिसतंच.

इमारत संस्थेच्या मालकीची असेल तर स्वतःलाच भाडं लावता येत नाही. घसारा लावायचा, तोही फेडरल पैशातून न आलेल्या भागापुरता.

स्वयंपाकघर

जेवणाचा पैसा आधी कृषी खात्याच्या बालआहार योजनेतून वसूल करायचा, आणि त्यातून न भागलेला रास्त खर्चच हेड स्टार्टवर टाकायचा, असा स्पष्ट नियम आहे. वसुली ताटांच्या मोजणीवर होते. मुलं पानावर बसलेली असतानाच मोजणी व्हावी. दुपारी हजेरीपत्रकावरून आकडा उतरवला की घोळ होतो, कारण साडेदहाला ताप आला म्हणून घरी गेलेलं मूल हजेरीत असतं, पानावर नसतं. महिन्यातून एकदा कुणीतरी हजेरी आणि ताटं शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. ताटं हजेरीपेक्षा जास्त निघाली तर त्याच दिवशी विचारा. आणि ही वसुली फेडरल आहे, ती तुमच्या वाट्यात येत नाही.

खरेदी, इमारत, परवानगी

छोट्या खरेदीला रास्त भाव पुरतो, मधल्या खरेदीला दोन-तीन ठिकाणचे भाव, मोठीला जाहीर निविदा. मर्यादा तुमच्या धोरणात लिहिलेल्या हव्यात आणि फेडरल मर्यादेपेक्षा सैल असता कामा नयेत. बोर्डावरच्या कुणाच्या मेव्हण्याची फर्निचर कंपनी असेल तर त्याने त्या निर्णयातून बाहेर राहायचं आणि तसं इतिवृत्तात नोंदवायचं. २५ हजार डॉलरच्या वरच्या कंत्राटाआधी विक्रेत्यावर फेडरल बंदी नाही ना, हे सॅम (SAM.gov) या सरकारी नोंदणीच्या संकेतस्थळावर बघा आणि त्या पानाची प्रत फाइलला लावा. तुमच्या संस्थेची त्या संकेतस्थळावरची नोंदणीही दरवर्षी नवी करावी लागते. ती संपली की पुढची ग्रँट अडते.

'उपकरण' म्हणायची मर्यादा ५ हजारांवरून १० हजार डॉलर झाली आहे. त्यावरच्या वस्तूंची यादी हवी: अनुक्रमांक, किंमत, त्यात फेडरल हिस्सा किती, वस्तू कुठे आहे, कशी आहे. दोन वर्षांतून एकदा प्रत्यक्ष मोजणी. इमारत खरेदी, बांधकाम किंवा मोठी दुरुस्ती आधी लेखी परवानगी घेतल्याशिवाय करूच नका. फेडरल पैसा इमारतीत गेला की तिच्यावर सरकारचा हितसंबंध चढतो आणि तो मालमत्तेच्या दप्तरी नोंदवावा लागतो. पुढे संस्थेची अडचण झाली म्हणून ती गहाण टाकायला किंवा विकायलाही परवानगी लागते. बोर्ड बदलतं, जुनी माणसं जातात, आणि नवीन मंडळी बँकेत गेल्यावर त्यांना हे कळतं.

दारू, करमणूक, दंड, लॉबिंग, निधी गोळा करण्याच्या कार्यक्रमाचा खर्च, बुडीत येणी, दुसऱ्या संस्थेला देणगी: यातलं काहीच ग्रँटवर चालत नाही. यासाठी थोडा का होईना, संस्थेचा स्वतःचा पैसा वेगळ्या खात्यात असायला हवा.

पैसे काढताना

ग्रँटची रक्कम एकदम बँकेत येत नाही. आरोग्य खात्याच्या पेमेंट मॅनेजमेंट सिस्टिममधून गरजेपुरती मागायची असते. मागितलेला पैसा लगेच खर्च व्हायला हवा. पगाराच्या आदल्या दिवशी पगारापुरता मागवणं ही चांगली सवय. पैसा पडून राहिला आणि त्यावर व्याज मिळालं, तर वर्षाला ५०० डॉलरपर्यंत प्रशासकीय खर्चाला ठेवता येतं, वरचं परत करायचं. प्रत्येक मागणीमागे त्या दिवशीच्या देण्यांची यादी जोडून ठेवा. २०२५च्या वसंतापासून मागणीबरोबर खर्चाचं कारणही लिहून द्यावं लागू लागलं. ज्यांच्याकडे आधीच यादी होती त्यांना ते जड गेलं नाही.

२०२५ने दुसराही धडा दिला. जानेवारीच्या अखेरीस फेडरल मदत थांबवण्याचा आदेश निघाला आणि अनेक संस्थांना काही दिवस पैसेच काढता आले नाहीत. १ एप्रिलला बोस्टन, न्यूयॉर्क, शिकागो, सॅन फ्रान्सिस्को आणि सिअ‍ॅटलची हेड स्टार्टची विभागीय कार्यालयं बंद झाली. वर्षानुवर्षं ज्या अधिकाऱ्याला फोन करायचा तो माणूसच जागेवर राहिला नाही. मग १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर फेडरल सरकारचं कामकाज बंद होतं. ज्या संस्थांचं बजेट वर्ष १ नोव्हेंबरला सुरू होणार होतं त्यांची नवी ग्रँट अडकली, आणि काहींना वर्ग बंद ठेवावे लागले.

म्हणून बोर्डाने दोन प्रश्नांची उत्तरं आधीच लिहून ठेवावीत. सरकारी पैसा महिनाभर आला नाही तर पगार कशातून द्यायचा? आणि वर्ग बंद करायची वेळ आली तर ते कोण ठरवणार आणि पालकांना किती दिवस आधी सांगणार? बँकेकडून कर्जाची मर्यादा मंजूर करून ठेवायला हरकत नाही, ठेवावीच. पण चालू खर्चासाठी काढलेल्या कर्जाचं व्याज ग्रँटवर टाकता येत नाही. ते संस्थेच्या स्वतःच्या पैशातूनच जातं. किती जाईल, ते आत्ताच काढून पाहा. त्याच काळात जुन्या अधिकाऱ्याने तोंडी दिलेल्या परवानग्यांचं काय होतं, हेही अनेकांना कळलं: ईमेलवर नसेल तर ती परवानगी नव्हतीच.

बोर्ड आणि पॉलिसी कौन्सिल

हेड स्टार्टमध्ये बोर्डाच्या जोडीला पॉलिसी कौन्सिल असते आणि तिच्यात बहुमत सध्या शिकत असलेल्या मुलांच्या पालकांचं असतं. ती शोभेची समिती नाही. बजेटचे आणि अर्जाचे महत्त्वाचे निर्णय तिच्यापुढून जातात. कायद्याने दोघांनाही दर महिन्याला आर्थिक पत्रक द्यावं लागतं, आणि त्यात क्रेडिट कार्डाचा खर्चही दाखवावा लागतो. पटाचा अहवाल आणि जेवणांचा अहवालही द्यावा लागतो.

तुम्ही बोर्डावरचे हिशेबनीस असाल तर पत्रकात पाच गोष्टी एका पानावर मागा: बजेट आणि आजवरचा खर्च, वर्षाचा किती भाग सरला, स्वतःचा वाटा कुठवर आला, प्रशासकीय टक्केवारी, आणि हाती असलेल्या पैशातून किती दिवस निघतील. क्रेडिट कार्डाच्या यादीत मी आधी सुट्टीच्या दिवशीच्या आणि संचालकांच्या खरेद्या पाहतो. संचालकांचा खर्च त्यांच्याच हाताखालच्या माणसाने मंजूर करू नये. तो बोर्डाच्या खजिनदाराने पाहावा. यात संशयाचा भाग नाही, संचालकांनाही त्यात संरक्षण आहे.

पालक सदस्यांना हे पत्रक कळेल असं समजावून सांगणं तुमचंच काम. "प्रशिक्षणाचा पैसा एप्रिलपर्यंत निम्माही का खर्चला नाही?" हा प्रश्न मी बोर्डाच्या बैठकीपेक्षा पालकांकडूनच जास्त ऐकला आहे.

वर्ष संपताना

शेवटच्या दोन महिन्यांत उरलेला पैसा संपवायची घाई होते आणि गरज नसलेल्या टॅबलेटांची खोकी येऊन पडतात. खर्चाचा उपयोग त्या मुदतीतल्या कामाला व्हायला हवा. म्हणून आठव्या महिन्यातच अंदाज घ्या. पैसा उरणार असेल तर बजेटमधला बदल किंवा पुढच्या वर्षात नेण्याची विनंती वेळेत करा. उरलेला पैसा आपोआप पुढे जात नाही.

एसएफ-४२५ हा आर्थिक अहवाल दर सहा महिन्यांनी आणि वर्षअखेरीला जातो. त्यातला आकडा, खातेवहीतला आकडा आणि काढलेल्या पैशाचा आकडा, तिन्ही जुळले पाहिजेत. न जुळणारे अहवाल मुदतीत पाठवून टाकण्यापेक्षा फरक आधी शोधलेला बरा. फरक बहुतेक वेळा स्वतःच्या वाट्याच्या रकान्यात सापडतो.

सर्व फेडरल स्रोतांचा मिळून वर्षाचा खर्च १० लाख डॉलर किंवा जास्त असेल तर सिंगल ऑडिट, म्हणजे सगळ्या फेडरल पैशाचं एकत्रित ऑडिट लागतं. १ ऑक्टोबर २०२४ किंवा नंतर सुरू झालेल्या आर्थिक वर्षांसाठी ही मर्यादा आहे, आधी ती साडेसात लाख होती. आपल्या उदाहरणातली संस्था दोन्ही हिशेबांनी त्यात येते. ऑडिटचा अहवाल हाती आल्यावर तीस दिवसांत किंवा आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत, जे आधी असेल तेव्हा, फेडरल ऑडिट क्लिअरिंगहाउसकडे, म्हणजे असे अहवाल जमा करणाऱ्या सरकारी केंद्राकडे जायला हवा. हेड स्टार्टच्या निधीशी संबंधित गंभीर त्रुटी किंवा शंकास्पद खर्चाचे दोन शेरे पाच वर्षांत जमले तर पुढची ग्रँट आपोआप मिळत नाही, तिच्यासाठी इतरांशी स्पर्धा करावी लागते.

कागद अंतिम आर्थिक अहवाल दिल्यापासून तीन वर्षं जपायचे. ऑडिटचा वाद किंवा दावा चालू असेल तर तो मिटेपर्यंत. यात पालकांच्या सहीच्या वह्याही आल्या. उन्हाळ्यात वर्ग रिकामे करताना त्या रद्दीत जाणार नाहीत एवढं केंद्रप्रमुखांना मे महिन्यातच सांगून ठेवा, आणि खोक्यावर बजेट वर्ष व फेकायची तारीख मोठ्या अक्षरात लिहा.